शाळेत कॉम्प्युटर सायन्स शिकवायला नव्याने सुरुवात करताय? मग पायरी पायरीने असं करा

यंदा ज्यांच्याकडे पहिल्यांदाच कॉम्प्युटरचा तास आलाय अशा शिक्षकांसाठी हे लिहितेय, मग तुम्ही मूळचे गणिताचे असा, विज्ञानाचे असा नाहीतर माझ्यासारखे भूगोलाचे. मी देवगड तालुक्यातल्या एका हायस्कूलला शिकवते. आपल्याकडे कॉम्प्युटर म्हटलं की पेंट, वर्ड, टायपिंग आणि "सीपीयूची आकृती काढून नावे द्या", मुलं ते पाठ करतात आणि मार्क मिळवतात. पण सूचना कुठल्या क्रमाने द्यायच्या, चूक नेमकी कुठे आहे ती कशी हुडकायची, तेच काम कमी खटपटीत कसं होईल, हे खरं कॉम्प्युटर सायन्स आणि ते हाताने करून बघितल्याशिवाय येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलंय, म्हणजे आज ना उद्या हे सगळ्यांनाच करायचंय.

साधनं भरपूर आहेत आणि चांगली चांगली फुकट आहेत. अडचण दुसरीच आहे. मुलं भराभर क्लिक करतात, स्क्रीनवर काहीतरी हलतं, सगळे खूश, बेल होते, आणि मग विचारलं की "हे का हललं?" तर वर्ग गप्प. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीला एकच नियम धरून चाला: आधी अंदाज सांगायचा, मगच क्लिक करायचं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये असताना स्यू सेंटन्स यांनी प्रिम नावाची पद्धत मांडली, तिचे पाच टप्पे याच क्रमाने जातात: अंदाज करा, चालवून बघा, तपासा, थोडं बदला, मग स्वतःचं नवीन करा. बहुतेक जण थेट पाचव्या टप्प्यावर उडी मारतात आणि तिथेच गाडी अडते.

काय काय लागेल

- १६ जीबीचे दोन पेनड्राइव्ह (एक फक्त सॉफ्टवेअरसाठी, तो मुलांच्या हातात द्यायचा नाही)
- प्रोजेक्टर किंवा टीव्ही, एचडीएमआय केबल, आणि जुना कॉम्प्युटर असेल तर व्हीजीए टू एचडीएमआय कन्व्हर्टर
- सीआर२०३२ बटण सेल चार-पाच, आणि एक चांगलं खोडरबर (का ते पुढे सांगते)
- जाड कागदाची कार्डं, खडू, दोन पारड्यांची तागडी
- प्रत्येक मुलाची एक पातळ वही, तिला आम्ही अंदाजवही म्हणतो
- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, आणि मुलांची ऑनलाइन खाती काढणार असाल तर पालकांचं संमतीपत्र

संमतीपत्र म्हणजे उगाच कागद वाढवणं नव्हे. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूलच धरलाय. शक्यतो मुलांचे ईमेल वापरूच नका. स्क्रॅचमध्ये (ब्लॉक जोडून प्रोग्राम करायचं फुकट सॉफ्टवेअर, पुढे येतंच) शिक्षकाचं खातं मिळतं आणि त्यातून मुलांची खाती ईमेलशिवाय निघतात, कोड डॉट ऑर्ग या कोडिंग शिकवणाऱ्या वेबसाइटवर तर लहान मुलांना चित्राचा पासवर्डही देता येतो.

१. आधी लॅबमध्ये एकटे जाऊन बसा

मुलांना घेऊन जाण्याआधी एक शनिवार दुपार काढा आणि प्रत्येक मशीन चालू करून बघा. वहीत लिहा: चालू होतो का, विंडोज कुठलं, रॅम किती, माऊस चालतो का. डेडस्टॉक रजिस्टरला पंधरा मशीन दिसतील, प्रत्यक्षात चालू किती ते फक्त तुम्हालाच कळेल आणि सगळं नियोजन त्याच आकड्यावर करायचं.

आपल्याकडची हवा दमट, त्यात खारी, म्हणून पावसाळ्यानंतर अर्धी मशीनं नुसती बीप बीप करतात आणि स्क्रीन काळी. लगेच मेकॅनिकला फोन करू नका. वायर काढा, सीपीयूचं झाकण उघडा, रॅमची पट्टी अलगद काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवा, रबराचा भुगा झटकून परत घट्ट बसवा. बऱ्याच वेळा एवढ्यावर मशीन उठतं.

दुसरा सापळा तारखेचा. मदरबोर्डवरचा तो बटण सेल संपला की कॉम्प्युटरची तारीख मागे कुठल्या कुठे जाते आणि मग इंटरनेट असूनही वेबसाइट उघडत नाहीत, ब्राउझर म्हणतो की कनेक्शन सुरक्षित नाही. नवीन माणूस वायफायला दोष देत बसतो. खाली कोपऱ्यात तारीख बघा, चुकीची असेल तर सेल बदला, तारीख नीट लावा, झालं.

अर्थिंग मात्र गावातल्या वायरमनकडून तपासूनच घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्या मशीनवर मूल बसवायचं नाही, अगदी कोणी कितीही सांगितलं तरी.

२. पहिले काही तास विजेशिवाय

जून-जुलैमध्ये आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मी वर्षाची सुरुवात कॉम्प्युटरविनाच करते. पण लाइट असली तरी मी हेच सांगेन. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या साथीदारांनी १९९० च्या दशकात सीएस अनप्लग्ड नावाने असे कॉम्प्युटरशिवायचे खेळ बसवायला घेतले, ते सगळे फुकट मिळतात. त्यातले दोन तरी घ्याच.

पहिला बायनरीचा, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून आकडे लिहायचा. पाच कार्डं करा, त्यांवर १, २, ४, ८ आणि १६ ठिपके. आम्ही ठिपक्यांऐवजी काजूच्या बिया चिकटवल्या, मुलांनी घरून आणल्या. पाच मुलं रांगेत उभी करायची, वर्गाच्या बाजूने बघितलं की सगळ्यात उजवीकडे १ आला पाहिजे. कार्ड दाखवलं म्हणजे एक, पाठ केली म्हणजे शून्य. आता विचारा, १३ कसे दाखवाल? थोडी ढकलाढकली होते आणि मग ८, ४ आणि १ पुढे होतात. मग महत्त्वाचा प्रश्न, आणि इथे उत्तर वहीत लिहून घ्यायचं, ओरडून नाही: सहावं कार्ड किती बियांचं? पाच कार्डांत जास्तीत जास्त किती मोजता येईल? (३२ आणि ३१.) इंग्रजीची २६ अक्षरं ३१ मध्ये बसतात म्हणजे पाच कार्डांनी अख्खं इंग्रजी लिहिता येतं, हे मुलांना आपोआप सुचतं. मग म्हणायचं, आता मराठी बसवून दाखवा. स्वर, व्यंजनं, मात्रा, अनुस्वार, आकडे मोजता मोजता मुलंच म्हणतात की पाच कार्डं पुरत नाहीत. युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरसाठी सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना नंबर देणारी यादी) देवनागरीच्या मुख्य गटाला १२८ जागा आहेत, म्हणजे सात कार्डं. आमच्याकडची मुलं किल्ल्यावरचं दीपगृह रोज बघतात आणि प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते, खलाशी त्यावरून ओळखतात कुठलं ते, हे कोणा ना कोणाच्या घरात माहीत असतंच. तिथून टॉर्चने निरोप पाठवायचा खेळ सहज निघतो.

दुसरा क्रम लावायचा, आणि हा माझा सगळ्यात आवडता. फेब्रुवारी-मार्चला गळून पडलेल्या कैऱ्या मिळतात तेव्हा सात कैऱ्या, एक तागडी, वजनं नाहीत. नियम असा की एका वेळी दोनच कैऱ्या तोलायच्या आणि हलकी ते जड अशी रांग लावायची. (जूनमध्ये करायचं तर सारख्या दिसणाऱ्या डब्यांत कमी-जास्त वाळू भरा, उलट ते जास्त चांगलं, नजरेने अंदाज येत नाही.) एका मुलाला फळ्यावर तोलण्यांच्या रेघा मारायला उभं करा. आधी सगळ्यांत हलकी शोधा, मग उरलेल्यांतली हलकी, असं करत गेलं तर ६+५+४+३+२+१ म्हणजे २१ वेळा तोलावं लागतं. मग दुसरी रीत: कुठलीही एक कैरी उचला, बाकीच्या तिच्याशी तोलून हलक्या डावीकडे, जड उजवीकडे, आणि दोन्ही ढिगांत परत तेच. सुरू करण्याआधी अंदाज लिहून घ्या, किती तोलण्यांत होईल? बहुतेक वेळा २१ पेक्षा बरंच कमी येतं, पण उचललेली कैरी दर वेळी नेमकी सगळ्यांत हलकी निघाली तर परत २१. या दुसऱ्या रीतीला क्विकसॉर्ट म्हणतात, पण नाव सगळ्यात शेवटी सांगा.

एकदा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, घराकडे आम्ही असा दोन दोन खय तोलतंव? हातात घेवन थेट ढीग लावतंव." आंबा पेटीत भरताना वजनाप्रमाणे ढीग लावतात ते तिने बघितलेलं. आणि तिचं बरोबर आहे! आधीच कप्पे ठरवून प्रत्येक वस्तू थेट आपल्या कप्प्यात टाकायची, यालाच बकेट सॉर्ट म्हणतात आणि त्यात आंब्यांची एकमेकांशी तुलना करावीच लागत नाही. असं उत्तर आलं की धड्याचं नियोजन बाजूला ठेवा आणि त्या उत्तरावरच तास घ्या.

३. स्क्रॅच ऑफलाइन टाकून घ्या

स्क्रॅच एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने बनवलं, २००७ ला सगळ्यांसाठी खुलं झालं, आठ ते सोळा वयासाठी आहे. कोड टाइप करायचा नाही, रंगीत ब्लॉक एकमेकांत अडकवायचे. ऑनलाइनवर अवलंबून राहू नका. तालुक्याच्या गावी किंवा जिथे रेंज नीट येते तिथे जाऊन ऑफलाइन अॅप पेनड्राइव्हवर उतरवा आणि एक एक मशीनवर टाका. सध्याच्या स्क्रॅच ३ ला विंडोज १० किंवा पुढचं लागतं. त्याहून जुनं मशीन असेल तर भंगारात काढू नका, स्क्रॅच १.४ जुन्या मशीनवर छान चालतं आणि शिकवायच्या कल्पना त्याच आहेत.

इथले सापळे पटापट सांगते.

ऑफलाइन स्क्रॅच आपोआप सेव्ह करत नाही, लाइट गेली की गेलं. दर दहा मिनिटांनी एका मुलाने "सेव्ह!" ओरडायचं, हे काम वाटून द्या, मुलांना हा मान फार आवडतो. फाइलला नाव इयत्ता आणि रोल नंबर, बाकी काही नाही, नाहीतर सगळ्या मशीनवर "प्रोजेक्ट १" च सापडतं. जुन्या पुस्तकांत चित्र काढायचे पेनचे ब्लॉक मुख्य यादीत दाखवलेत, नवीन स्क्रॅचमध्ये ते खाली डाव्या कोपऱ्यातल्या एक्स्टेंशनच्या (जादा ब्लॉक जोडायच्या) बटणात गेलेत. आणि बोलून दाखवणारं व भाषांतर करणारं एक्स्टेंशन नेटशिवाय चालत नाही, त्यामुळे यूट्यूबवर बघून ते ठरवाल तर वर्गात अडकाल.

ब्लॉक मी इंग्रजीतच ठेवते आणि भिंतीवर मराठी तक्ता लावते: कुठला ब्लॉक काय करतो. आठवडाभरात तक्त्याकडे कोणी बघत नाही.

४. स्क्रॅचचा पहिला तास

एका मशीनवर दोन मुलं, तीन नकोत, तिसरं मूल खिडकीबाहेर बघतं. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याने फक्त तोंडाने सांगायचं, माऊसला हात लावायचा नाही. दहा मिनिटांनी अदलाबदल. जास्त मुलं असतील तर अर्धा वर्ग लॅबमध्ये आणि अर्धा व्हरांड्यात कार्डांवर, पुढच्या तासाला उलट.

पहिल्याच तासाला "काहीही करा" सांगू नका. तुम्ही चार ब्लॉकचा तयार प्रोग्राम प्रोजेक्टरवर दाखवा: हिरवा झेंडा दाबला की, सतत, दहा पावलं चाल आणि कडेला आपटलास तर परत फीर. चालवू नका. स्क्रीनवरचं स्क्रॅचचं मांजर काय करेल ते अंदाजवहीत लिहायला लावा, मगच झेंडा दाबा.

मांजर कडेला जातं, परत फिरतं आणि चक्क उलटं होऊन डोक्यावर चालायला लागतं. "मॅडम, माझा मांजर उलटा झाला!" हे दर वर्षी ऐकू येतं आणि नवीन शिक्षक इथे गडबडतात. प्रोग्राम बरोबरच आहे. मांजराने दिशा १८० अंशात बदलली, आणि फिरण्याची पद्धत चारही बाजूंची असल्याने चित्रसुद्धा फिरलं. फिरण्याची पद्धत फक्त डावी-उजवी करणारा निळा ब्लॉक आहे, तो सुरुवातीला लावला की मांजर सरळ राहतं. पण हे उत्तर लगेच देऊ नका. पाच मिनिटं शोधू द्या. दिशा वेगळी आणि चित्र वेगळं हे ज्याला इथे कळलं त्याला पुढे भूमितीतले कोनसुद्धा सोपे जातात.

यानंतर पेनने चौकोन: चार वेळा, १०० पावलं, ९० अंश वळ. मग विचारा, त्रिकोणाला किती वळायचं? जवळपास सगळा वर्ग ६० लिहितो. चालवल्यावर त्रिकोण होतच नाही, तेव्हा मुलांना कळतं की मांजर बाहेरचा कोन वळतं, १२०. इथे अंदाजवहीची खरी किंमत दिसते, कारण चुकलेला अंदाज कागदावर असतो आणि मूल स्वतःच त्याच्याकडे बघून विचार करतं. चुकलेला अंदाज खोडायला देऊ नका, मार्कही कापू नका. बाजूला फक्त "का?" लिहायचं.

५. एकच मोबाइल किंवा एकच टीव्ही असेल तर

वाडीवरच्या शाळांत हीच स्थिती असते आणि तरी बरंच होतं. प्लिकर्स नावाचं अॅप आहे, त्यात प्रत्येक मुलाला छापलेलं कागदी कार्ड मिळतं, चार बाजूंना ए बी सी डी. उत्तर असेल ती बाजू वर करून कार्ड धरायचं आणि तुम्ही तुमच्या मोबाइलने पूर्ण वर्गावरून कॅमेरा फिरवायचा, कोणी काय उत्तर दिलं ते लगेच दिसतं. मुलांकडे काहीच यंत्र लागत नाही. मी ते "आता काय होईल?" याच प्रश्नांसाठी वापरते. कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका, उजेड परावर्तित होऊन स्कॅन होत नाही, साध्या पुठ्ठ्यावर चिकटवा.

मोबाइलवर स्क्रॅच करायला बसवू नका, ब्लॉक बोटाखाली मावत नाहीत. टॅब असेल तर पाच ते सात वर्षांच्यांसाठी स्क्रॅच ज्युनिअर चांगलं.

६. हातात धरायची यंत्रं: मायक्रोबिट आणि आर्डुइनो

बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना मायक्रोबिट वाटलं. एटीएम कार्डाच्या अर्ध्या आकाराचा बोर्ड, २५ छोटे दिवे, दोन बटणं, हलवलेलं कळतं, दिशा कळते, तापमान कळतं. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत स्पीकर आणि माइकही आला. विकत घ्यायची घाई नको. मेककोड नावाच्या एडिटरमध्ये स्क्रीनवरच खोटा बोर्ड असतो, सगळं त्यावर चालवून बघता येतं, आर्डुइनो या दुसऱ्या बोर्डासाठी तसंच टिंकरकॅड. तालुक्यात कुठल्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथल्या सरांशी बोलून एक दिवस ठरवा, बोर्ड तिथे असतात.

बोर्ड लावला आणि कॉम्प्युटरला दिसलाच नाही तर आधी केबल बदला. मोबाइल चार्जरबरोबर येणाऱ्या कितीतरी केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. चालणाऱ्या केबलला लाल सुतळी बांधून ठेवा. आणि बोर्ड उघड्यावर ठेवू नका, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, नाहीतर आपल्या खाऱ्या हवेत पिना काळ्या पडतात.

"कोडिंग किट" घेऊन शाळेत येणारे विक्रेते भेटतील. एकच विचारा: तुमचं सॉफ्टवेअर नेटशिवाय चालतं का आणि पुढच्या वर्षी परत पैसे भरायचे का? बाकी बोलणं त्यानंतर.

७. नववीपासून पायथन

ब्लॉकवरून पायथनवर, म्हणजे टाइप करून प्रोग्राम लिहायच्या भाषेवर येताना थॉनी हे सॉफ्टवेअर घ्या. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तयार झालंय, पायथन त्याच्यासोबतच येतं, नेट लागत नाही, आणि प्रोग्राम एक एक ओळ थांबत थांबत चालवून दाखवतं, त्यामुळे अंदाजाचा नियम इथेही तसाच चालतो. सुरुवात टर्टलने (पायथनमधलं रेघा काढायचं तयार साधन) करा, स्क्रॅचमध्ये काढलेला तोच चौकोन आता लिहून.

सगळ्यांना अडवणारा सापळा: मूल आपल्या फाइलला टर्टल डॉट पीवाय असंच नाव देतं आणि मग काहीच चालत नाही, कारण पायथन खऱ्या टर्टलऐवजी त्याचीच फाइल उघडायला जातं. नाव बदला, चालतं. दुसरं, पायथनमध्ये चलाचं नाव देवनागरीत ठेवता येतं, वय, गुण, नाव, सगळं चालतं आणि मुलांना याचं फार अप्रूप वाटतं. पण मराठी कीबोर्ड चालूच राहिला आणि कोडमध्ये आकडे देवनागरीत उमटले की एरर येते. गंमत अशी की हेच देवनागरी आकडे चालू प्रोग्रामला इनपुट म्हणून दिले तर इंट ही पायथनची आज्ञा त्यांचा बरोबर आकडा करून देतं. वर्गाला दोन्ही करून दाखवा आणि फरक का ते शोधायला लावा.

८. मार्क कसे द्यायचे

प्रोजेक्ट किती रंगीत आहे यावर अजिबात नको, त्यात मदत कोणाची ते कळत नाही. मी तीन गोष्टी बघते: छापलेला प्रोग्राम देऊन "काय होईल" लिहायला सांगणं, मुद्दाम एक चूक घातलेला प्रोग्राम दुरुस्त करणं, आणि अंदाजवहीतले "का?" भरलेत का. तिसऱ्याला सगळ्यात जास्त मार्क.

९. वर्षाचं वेळापत्रक

जून ते ऑगस्ट कार्डं, डब्या, टॉर्च. गणपतीची सुट्टी संपली की लॅब उघडून आठवडाभर रोज मशीनं थोडा वेळ नुसती चालू ठेवा, ओल उडते, मग दिवाळीपर्यंत स्क्रॅच. डिसेंबरात जगभर कॉम्प्युटर सायन्स शिक्षण सप्ताह असतो, तेव्हा कोड डॉट ऑर्गचा एक तासाचा उपक्रम पालकांना बोलावून करा, मुलांनी पालकांना शिकवायचं आणि अंदाजही पालकांनीच लिहायचा. जानेवारीत बोर्ड किंवा पायथन, कैऱ्या गळायला लागल्या की तागडी.

मे महिन्यात कुलूप लावायच्या आधी मुलांच्या सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या, प्लग भिंतीतून काढा (नुसतं बटण बंद करून भागत नाही, वळवाच्या विजा आहेत), सीपीयू जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा आणि कौलं गळतात त्या जागेखाली एकही मशीन ठेवू नका.